शेवटचे प्रकरण नको, प्रत्येक प्रकरण हवे

(राज्यशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका आणि संघटनांच्या कार्यकर्त्या यांच्या एकत्र बैठकीतील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)

मैत्रिणींनो,

आजचा विषय वरवर रुक्ष आहे. बी. ए.च्या तीन वर्षांत राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी काय शिकायचे, कोणत्या क्रमाने शिकायचे आणि प्रकल्प कशावर लिहायचा, याची आखणी. यासाठी कोणी मोर्चा काढत नाही. पण उद्याच्या वकील, पत्रकार, शिक्षिका, ग्रामसेविका याच वर्गातून येतात. सत्ता म्हणजे काय, याचे पहिले उत्तर त्या इथेच पाठ करतात. ते उत्तर बायांना वगळून असेल, तर पुढे आपल्याला दहा शिबिरे घेऊन ते पुसावे लागते.

सध्या बहुतेक ठिकाणी काय होते, ते आपण सगळ्या जाणतो. राष्ट्रवाद, उदारमतवाद, समाजवाद झाले की शेवटी 'स्त्रीवाद' नावाचे प्रकरण येते. तोवर परीक्षा तोंडावर आलेली असते. पोर्शन संपवायचा म्हणून एका तासात ते उरकते आणि परीक्षेत 'टीपा लिहा'मध्ये पाच गुणांपुरते उरते. दुसरा मार्ग म्हणजे 'स्त्रिया आणि राजकारण' असा ऐच्छिक पेपर. तो जरूर असावा. पण पुरेशी नावे आली नाहीत की तो बंद पडतो, आणि मुलगे तर त्याकडे फिरकतच नाहीत. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की आपला प्रश्न मुख्य, सक्तीच्या पेपरांत जायला हवा.

हे कसे करायचे? वर्षावार पाहू.

पहिल्या वर्षी संविधान असते. संविधान सभेत 15 स्त्रिया होत्या, हे सांगून थांबू नये. हंसा मेहता, दुर्गाबाई देशमुख, दाक्षायणी वेलायुधन यांची भाषणे वाचायला द्यावीत. मंत्रिमंडळ आणि संसद शिकवताना हिंदू कोड बिलाचे उदाहरण घ्यावे. डॉ. आंबेडकरांनी 1951 मध्ये राजीनामा दिला, त्यात हे बिल रखडल्याचे मोठे कारण होते. पुढे 1955-56 मध्ये त्याचेच तुकडे चार कायद्यांच्या रूपाने आले. विधेयक कसे अडते, कोण अडवते, बहुमत असूनही सरकार का कचरते, हे सारे त्यातून कळते. घटनादुरुस्तीची प्रक्रिया शिकवायला महिला आरक्षणाचे विधेयक आहे. ते 1996 मध्ये प्रथम मांडले गेले, 2010 मध्ये राज्यसभेत मंजूर झाले आणि 2023 मध्ये दोन्ही सभागृहांत. तेव्हाही अंमलबजावणी पुढच्या जनगणनेनंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली गेली.

दुसऱ्या वर्षी राजकीय विचार. रूसोचा 'सामाजिक करार' 1762 चा. त्याच साली आलेल्या 'एमिल'मध्ये मुलीचे शिक्षण पुरुषाच्या सोयीसाठी असावे, असे तो लिहितो. दोन्ही शेजारी ठेवून शिकवा. मग मेरी वुलस्टनक्राफ्टने 1792 मध्ये त्याला उत्तर का दिले, हे आपोआप उलगडते. मिलनंतर ताराबाई शिंदे यांची 1882 ची 'स्त्रीपुरुष तुलना' आली, तर राजकीय विचार फक्त परदेशात झाला हा समजही जाईल.

तिसऱ्या वर्षी प्रशासन, न्यायव्यवस्था आणि महाराष्ट्राचे राजकारण. मथुरा खटला आपल्याच राज्यातला. घटना 1972 ची; सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर चार कायदेतज्ज्ञांचे खुले पत्र 1979 चे; कायद्यात बदल 1983 मध्ये. न्यायालय, चळवळ आणि संसद यांचे नाते शिकवायला याहून चांगले उदाहरण कुठले? स्थानिक स्वराज्यात 1993 पासून लागू झालेली 73 वी घटनादुरुस्ती आणि महाराष्ट्राने 2011 मध्ये 50 टक्क्यांवर नेलेले आरक्षण हे तर मूळ प्रकरणच व्हायला हवे.

आता प्रकल्पाविषयी. नव्या रचनेत क्षेत्रीय कामाला श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला 30 तास धरले, तर दोन श्रेयांकांचे 60 तास होतात. त्यात 'महिला सक्षमीकरण : एक अभ्यास' असा इकडून तिकडून उतरवलेला मजकूर नको. प्रश्न लहान आणि तपासता येणारा हवा. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. आपल्या गावात गेल्या वर्षी ती किती वेळा झाली? इतिवृत्तात सह्या कोणाच्या आहेत? ठराव कोणी मांडला? माहिती मिळाली नाही तर 2005 च्या माहिती अधिकाराखाली अर्ज करावा; तो अर्जही प्रकल्पाचाच भाग. शहरातल्या मुलींनी आपल्याच महाविद्यालयातील अंतर्गत समिती पाहावी. 2013 च्या कायद्याप्रमाणे ती आहे का, सदस्यांची नावे फलकावर आहेत का?

प्रकल्प आखताना मुलीचा दिवस विसरू नका. तिला शेवटची एस. टी. गाठायची असते आणि घरी भाकऱ्याही थापायच्या असतात. काम तिच्या गावात, तिच्या वेळेत होईल असेच द्या. नाहीतर 60 तास फक्त मुलग्यांचे भरतील. वाचनाची यादीही सगळी इंग्रजीत नको. संविधान मराठीत आहे, पंचायतीचा कायदा मराठीत आहे, विधिमंडळातल्या चर्चा मराठीत आहेत. त्या वाचायला शिकणे हेच राज्यशास्त्र.

संघटनांच्या मैत्रिणींनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. आलेली विद्यार्थिनी म्हणजे फुकटची कार्यकर्ती नव्हे. तिला पाकिटे चिकटवायला बसवू नका. पण समुपदेशनाच्या खोलीतही बसवू नका; तिथे आलेल्या बाईची गोष्ट कोणाच्या गुणांसाठी नसते. आधी दोन दिवस तिला विषय समजावून द्या आणि अहवालाची एक मराठी प्रत त्या गावाला परत मिळेल, अशी अट महाविद्यालयाला घाला.

अभ्यासक्रम विद्यापीठाच्या अभ्यास मंडळात ठरतो. तिथल्या बैठकीत आपण नसतो, पण आपले पत्र असू शकते. तेव्हा आज उठण्यापूर्वी प्रत्येक जिल्ह्यातून एक प्राध्यापिका आणि एक कार्यकर्ती अशी जोडी ठरवू या. त्यांनी आपल्या विद्यापीठाचा चालू अभ्यासक्रम मिळवावा, वर सांगितले तसे कोणत्या पेपरात काय घालता येईल ते एका पानात लिहावे आणि ते मंडळाच्या अध्यक्षांकडे पोचवावे. पोच घ्यायला मात्र विसरू नका.