तबकडीची हुबेहूब नक्कल

एका कारकुनास जुन्या कागदाची नक्कल करावयास सांगितली होती. मूळ कागदावर एक माशी चिरडून चिकटलेली होती. म्हणून त्यानें दुसरी माशी मुद्दाम मारून नव्या कागदावर बरोबर त्याच जागीं चिकटविली, अशी गोष्ट सांगतात. ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ हा आपल्याकडील वाक्प्रचार अक्कल न चालवितां केलेल्या नकलेची थट्टा करण्यासाठींच वापरला जातो. परंतु संगणकाच्या राज्यांत एक काम असें आहे कीं, तेथें हा कारकूनच आदर्श ठरतो. तें काम म्हणजे एका हार्ड डिस्कची दुसऱ्या डिस्कवर हुबेहूब नक्कल करणें. यासच क्लोनिंग म्हणतात.

हार्ड डिस्क म्हणजे संगणकाचा दप्तरखाना. आय. बी. एम. कंपनीनें १९५६ सालीं पहिली अशी डिस्क पुढें आणली, तेव्हां २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्यांवर मिळून अवघीं ५० लक्ष अक्षरें मावत. आजच्या डिस्कची तबकडी तळहातावर मावते आणि मिनिटास ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. मजकूर वाचणारें तिचें टोक केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी अंतरावरून तरंगत जातें. घरांतील लग्नकार्याचीं छायाचित्रें, खरेदीखतांच्या प्रती, मुलांचे दाखले हें सर्व या नाजूक यंत्राच्या स्वाधीन असतें. नव्या एस. एस. डी. प्रकारांत फिरणारें कांहींच नाहीं. तरी तिच्यावर किती वेळां लिहितां येईल यासही मर्यादा आहेच. यंत्र झिजावयाचेंच; प्रश्न एवढाच कीं, त्यापूर्वीं बिऱ्हाड हलविलें आहे कीं नाहीं.

फायली उचलून नव्या डिस्कवर ठेवल्या कीं काम भागलें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु संगणक सुरू होतांच जो भाग प्रथम वाचतो, डिस्कचे विभाग दाखविणारा जो नकाशा असतो, आणि कोणती फाइल कोठें आहे हें सांगणारी जी सूची असते, त्या गोष्टी फायलींबरोबर येत नाहींत. सामान पोंचतें, पण घर उभें रहात नाहीं. क्लोनिंगची रीत निराळी. डिस्क ५१२ किंवा ४०९६ बाइटांच्या बारीक खणांत विभागलेली असते; त्यांस सेक्टर म्हणतात. पहिल्या खणांतील मजकूर पहिल्या खणांत, दुसऱ्यांतील दुसऱ्यांत, असा अर्थ न लावतां उतरविला जातो. म्हणूनच नव्या डिस्कवर संगणक पूर्वीसारखाच चालूं लागतो.

युनिक्स प्रणालींतील ‘डीडी’ ही आज्ञा १९७० नंतरच्या दशकापासून हें काम करीत आली आहे. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रांत घडविलेलें ‘क्लोनझिला’ विनामूल्य मिळतें. तें शक्य तेथें रिकामे खण वगळून भरलेलेच तेवढे उचलतें, त्यामुळें वेळ वाचतो.

मात्र आंधळ्या सेवकाच्या हातीं काम सोंपवितांना धन्यानें डोळे उघडे ठेवावे लागतात. ‘डीडी’स ‘कोठून’ आणि ‘कोठें’ अशीं दोन नांवें द्यावयाचीं असतात. त्यांची अदलाबदल झाली, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि वर्षांचा संग्रह मुकाट्यानें पुसला जातो. म्हणून डिस्कचें नांव व आकारमान दोनदां ताडून पहावें. संपूर्ण डिस्क उतरवावयाची असेल, तर नवी डिस्क जुनीपेक्षां लहान नसावी. दोन कंपन्यांच्या एकाच मापाच्या म्हणविणाऱ्या डिस्कांतही थोडाफार फरक असूं शकतो. नक्कल पुरी होतांच जुनी डिस्क काढून ठेवावी व एकट्या नव्या डिस्कवर संगणक चालवून पहावा. विंडोज प्रणाली डिस्कला तिच्या खुणेच्या क्रमांकावरून ओळखते. एकाच क्रमांकाच्या दोन डिस्का एकदम जोडल्यास त्यांपैकीं एकीस ती बाजूस ठेवते.

डिस्क मरणपंथास लागली असेल, तर गोष्ट अधिक निकडीची. अशा वेळीं दुरुस्तीचे प्रयोग आधीं करूं नयेत. ते तिचा उरलासुरला श्वास खर्च करतात. अंतोनियो दियाझ दियाझ यांचें ‘डीडीरेस्क्यू’ प्रथम शाबूत भाग उचलतें, बिघडलेल्या जागांची नोंद ठेवतें, आणि शेवटीं त्यांच्याकडे पुन्हां वळतें. डिस्कमधून टकटक असा आवाज येऊं लागला असेल, तर मात्र ती तत्काळ बंद करून जाणकाराकडे न्यावी.

आतां पुन्हां त्या माशीकडे वळूं. क्लोन मूळ डिस्कवरील दोषही तितक्याच इमानानें उतरवितो. विषाणु असला तर विषाणु, फाटकी फाइल असली तर फाटकीच. समजा, एखाद्या घरीं सोमवारीं आजोबांचें एकुलतें एक छायाचित्र चुकून पुसलें गेलें आणि मंगळवारीं डिस्कचा क्लोन जुन्या क्लोनवर पुन्हां उतरविला. बुधवारीं चूक ध्यानांत आली, तरी तें छायाचित्र दोन्ही ठिकाणांहून गेलेलेंच असावयाचें! क्लोन हा आजचा आरसा आहे. कालची आठवण त्याजपाशीं नसते. ती हवी असेल, तर तारीखवार प्रती निराळ्या ठेविल्या पाहिजेत, आणि त्यांपैकीं एक घराबाहेर असावी.

बिऱ्हाड हलवितांना क्लोन करावा. ठेव्याच्या रक्षणासाठीं तारीखवार प्रती ठेवाव्या. जुनी डिस्क विकण्यापूर्वीं किंवा टाकून देण्यापूर्वीं नवीची परीक्षा झाली आहे ना, हें पहावें, आणि मगच ती जुनी पुरती पुसून टाकावी. कारण नक्कल झाली म्हणून अस्सल कांहीं रिकामें होत नाहीं. कारकून माशी इमानानें उतरवील. ती माशी आहे हें ओळखण्याचें काम मात्र घरच्या माणसाचेंच.