नागपूर ते मुंबई : हवाई अंतर आणि लागणारा वेळ

श्रोत्यांनी नकाशावर पट्टी ठेवून पाहावे. नागपूर व मुंबई या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. लोहमार्गाने ते ८३७ होते. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या विमानास हिशेबाने ५१ मिनिटे पुरावीत. वेळापत्रकात मात्र सुमारे दीड तास दिलेला असतो. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण व उतरण हे सारे त्यात येते. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. गर्दीच्या वेळी विमानास आकाशातच घिरट्या घालाव्या लागतात. हिवाळ्यात पश्चिमेचा वारा नागपूरहून निघालेल्या विमानास अडवितो, तो वेगळाच.

प्रवासी अशा विलंबाने फार तर कुरकुरतो. परंतु मेंदूमृत दात्याचे हृदय न्यावयाचे असेल, तर ते साधारणतः चार तासांच्या आत रुग्णाच्या शरीरात पुन्हा सुरू व्हावे लागते. मूत्रपिंडास याहून पुष्कळ अधिक अवधी मिळतो. चारांपैकी दीड तास विमानाचा. उरलेल्या अडीच तासांत दोन्ही शहरांतील रस्ते आणि प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया बसवावी लागते. म्हणूनच पोलीस चौकाचौकांत वाहतूक थोपवून रुग्णवाहिकेस मोकळी वाट करून देतात.