प्रवेशपत्र आले, पुढे काय?

(मंडळाच्या परभणी येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण आपल्या जिल्ह्यातील लहान मुलासही पाठ असते. ती कशी रूढ झाली याच्या अनेक कथा सांगतात. त्यांत आम्ही शिरत नाही. परंतु या म्हणीच्या दोन टोकांमध्ये खरोखरीचे जाणेयेणे सुरू होईल आणि आपल्याच ज्ञातीतील मुलेमुली देवगिरी एक्सप्रेसने मुंबई गाठून तेथून विमानाने जर्मनीस जातील, हे आमच्या वडिलांच्या स्वप्नातही आले नसेल. ते आता घडत आहे. म्हणून विद्यापीठाचे प्रवेशपत्र हाती आल्यानंतर घरात काय काय करावे लागते, एवढ्यापुरतेच आज बोलण्याचे आम्ही ठरविले आहे.

ज्ञातीच्या व्यासपीठावरून हा विषय मांडताना एक जुनी गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. १८८८ साली मोहनदास गांधी नावाचा तरुण विलायतेस निघाला, तेव्हा मुंबईतील त्याच्या ज्ञातीने त्यास बहिष्कृत केले आणि जो कोणी त्यास बंदरावर निरोप देण्यास जाईल त्यास सव्वा रुपया दंड ठरविला. १८९१ साली परतल्यावर वडील बंधूंनी त्यास नाशिक येथे नेऊन गोदावरीचे स्नान घडविले. तीच गोदावरी पुढे आपल्या गंगाखेडावरून वाहते. आज आपण दंडाऐवजी शाल-श्रीफळ देतो, हा फरक आनंदाचाच. तथापि, शाल देऊन मोकळे होणे हेही दंड घेऊन मोकळे होण्यासारखेच आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. त्याचे कारण आमच्याच घरी घडले.

आमच्या पुतणीने येथील कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि जर्मनीतील एका विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी तिची निवड झाली. पत्र येताच आम्ही काय केले? चौकात फलक लावला, पेढे वाटले, तीन ठिकाणी सत्कार घेतले. यात पाच आठवडे गेले. त्यानंतर कागद काढून पाहतो तो एकाच वडिलांची तीन नावे! आपल्याकडे हे घरोघर आहे. सातबाऱ्यावर ग्यानबा, शाळेच्या दाखल्यावर ज्ञानोबा आणि आधारवर ज्ञानेश्वर, असा एकच गृहस्थ तीन रूपांनी नांदत असतो. गावात कोणाचे अडत नाही; परक्या देशाच्या वकिलातीत मात्र ती तीन निरनिराळी माणसे ठरतात. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातील नोंद, मग पारपत्रातील दुरुस्ती यांत महिने निघून गेले. मुले दहावीस बसतात तेव्हाच ही नावे ताडून पाहावीत, असे आम्ही आता भेटेल त्यास सांगत असतो.

दुसरी अडचण पैशाची. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, हे ऐकून आमचे बंधू निर्धास्त होते. परंतु याला अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांस प्रत्येक सहामाहीस १५०० युरो भरावे लागतात. शिवाय पहिल्या वर्षाच्या निर्वाहाची रक्कम बंदिस्त खात्यात आधीच ठेवल्याचे दाखवावे लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो, म्हणजे आपल्या बारा लाख रुपयांच्या आसपास आहे. ही फी नव्हे. पैसा विद्यार्थ्याचाच असतो आणि तेथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे त्यास परत मिळतो. ही गोष्ट आजीबाईंस समजावून सांगताना आमची पुरेवाट झाली. आपलाच पैसा आपल्यासच हप्त्याने द्यावयाचा तर घेतात कशाला, हा त्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा होता असेही म्हणवत नाही!

कर्जासाठी आम्ही एका बँकेत गेलो. घरची आठ एकर काळी जमीन, विहीर बागायत; एवढे तारण पुरेसे होईल अशी आमची समजूत. बँकेने नकार दिला. पुढे चौकशी करता कळले की, २००२ च्या कर्जवसुलीच्या कायद्याने बँकांस न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो अधिकार दिला, तो शेतजमिनीस लागू नाही. म्हणून बँका शेतजमीन स्वीकारण्यास सहसा राजी नसतात. घर किंवा अकृषिक भूखंड मागतात. नेहमीच्या शैक्षणिक कर्जयोजनेत साडेसात लाखांपर्यंत असे तारण लागत नाही, त्यापुढे लागते. ज्या जिल्ह्यात माणसाची सारी दौलत सातबाऱ्यावर असते, तेथे ही अट किती कठीण पडते हे येथे बसलेल्यांस सांगावयास नको.

नकाराची वार्ता गावात पसरताच एक दलाल दारी आला. भाव बाजाराहून बराच कमी, परंतु पैसे आठवड्यात. बंधूंनी जवळजवळ होकार दिला होता. त्या रात्री पुतणी म्हणाली, “काका, व्हिसा मिळाला नाही तर जमीनही गेली आणि मीही इथंच.” आम्ही निरुत्तर झालो. जमीन विकली नाही. त्या वर्षीचा प्रवेश मात्र हुकला. दुसऱ्या वर्षी तिने पुन्हा अर्ज केला, थोरल्या मामांनी परभणीतील आपले घर तारण दिले आणि ती गेली. व्हिसा हाती येण्यापूर्वी शेत विकू नये, हे आमचे ठाम मत त्या एका रात्रीतून झालेले आहे.

कर्ज काढून विद्येस जाणे यात कमीपणा मानणारे अजूनही आहेत. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला गेल्या त्या डॉ. जीवराज मेहता यांनी दिलेल्या कर्जावर. आणि विशेष हे की, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणाऱ्या त्यांच्या सासऱ्यांस, महर्षी कर्वे यांस, ते जाणे पसंत नव्हते. डॉ. आंबेडकर १९२० साली आपला अभ्यास पुरा करण्यास पुन्हा लंडनला गेले, तेव्हा स्वतःच्या शिलकीस मित्र नवल भथेना यांच्या कर्जाची जोड होती. राज्य शासनाच्या परदेशी शिष्यवृत्त्याही आहेत. त्या वर्गवार निरनिराळ्या खात्यांकडून व संस्थांकडून मिळतात, जागा मोजक्या असतात आणि उत्पन्नाची तसेच विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची अट असते. जाहिरातीची वाट पाहत बसू नये. उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा.

जर्मनीस जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांस नोव्हेंबर २०२२ पासून बहुतांशी आणखी एक कागद लागतो. पदव्या व गुणपत्रिका खऱ्या असल्याचे ‘एपीएस’ नावाचे प्रमाणपत्र दिल्लीहून घ्यावे लागते. प्रवेशानंतर नव्हे, अर्ज करण्यापूर्वीच त्याच्या मागे लागावे. विद्यार्थी वसतिगृहातील खोलीसाठीही पत्र आले त्याच दिवशी नाव नोंदवावे. तेथील रांगा आपल्या रेशनच्या रांगांहून लांब असतात. प्रेशर कुकर, गरम कपडे, मेतकूट यांविषयी भगिनीवर्गास आम्ही काय सांगणार? एवढेच की, ज्वारीचे पीठ तेथे सहजासहजी मिळत नाही आणि पुतणीने पहिल्याच पत्रात विचारले ते भाकरीविषयीच.

आमच्या मंडळाच्या शिक्षणनिधीतून दरवर्षी बक्षिसे दिली जातात. ती चालू राहावीत. परंतु त्या निधीतील काही भाग प्रवासापूर्वीच्या किरकोळ परंतु अडून राहणाऱ्या खर्चासाठी बिनव्याजी उसना द्यावा, आणि ज्यांची शहरात घरे आहेत अशा सभासदांनी तारणास उभे राहण्याचा विचार करावा, असा ठराव आम्ही कार्यकारिणीकडे दिला आहे. आमच्या थोरल्या मामांसारखा मामा प्रत्येक मुलीस नसतो.

भोजनानंतर आम्ही मागील दालनात बसणार आहोत. ज्यांच्या घरी असे पत्र आले असेल किंवा यंदा अर्ज करावयाचा असेल, त्यांनी दहावीचे प्रमाणपत्र, पारपत्र आणि सातबारा अशी तीन कागदपत्रे घेऊन यावे. नावे आधी ताडून पाहू.