दंड दुखला, पण…

मे 2021. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉत) कोविडच्या रुग्णांच्या प्राणवायूसाठी धावाधाव चालली होती आणि त्याच महिन्यात देशात 18 ते 44 वयोगटाला कोविडची लस खुली झाली. पेडण्यात विर्नोड्याच्या सरकारी महाविद्यालयात किंवा डिचोलीच्या झांट्ये महाविद्यालयात शिकणारी मुलं नेमकी याच वयाची.

‘आम्ही धडधाकट, आम्हांला कशाला?’ ‘ताप भरला तर परीक्षेचं काय?’ या वयातल्या अशा शंका झटकून टाकण्यासारख्या मुळीच नव्हत्या. दंड ठणकतो, एखादा दिवस अंगात कणकण राहते, हे खरंच. तेवढं सरळ सांगितलं की भीती निम्मी होते.

कोविशील्ड लसीच्या दोन डोसांत तेव्हा 84 दिवसांचं अंतर होतं; परदेशी शिकायला जाणाऱ्यांना 28 दिवसांनंतर दुसरा डोस घेण्याची मुभा मिळाली.

‘टीका उत्सव’ या लसीकरण मोहिमेनं लस पंचायतींपर्यंत आणली. सप्टेंबर 2021 मध्ये गोव्यातल्या सर्व पात्र प्रौढांना पहिला डोस दिल्याचं सरकारनं जाहीर केलं.