पोरगं हाताबाहेर गेलं, तर जायचं कुणाकडे?

'पोरगं ऐकत नाही, आता तुम्हीच बघा,' असं सांगत आईबापांनी सरकारदरबारी जायची सोय कायद्यात खरोखरच होती. 1986 च्या बालन्याय कायद्यात आवरता न येणाऱ्या मुलांसाठी स्वतंत्र कलम होतं. पालकांनी तक्रार करायची, बाल कल्याण मंडळानं चौकशी करायची आणि गरज पडल्यास मुलाला निरीक्षणगृहात, म्हणजे लोकांच्या तोंडच्या रिमांड होममध्ये पाठवायचं.

आजच्या 2015 च्या कायद्यात तसं कलम नाही.

सातारा असो वा सांगली, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं अठरा वर्षांखालचं मूल जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे येतं. अध्यक्ष आणि 4 सदस्य, अधिकार मात्र दंडाधिकाऱ्यांचे. समिती 15 दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल मागवते. मग कराडच्या किंवा मिरजेच्या घरी कुणीतरी येतं, शाळा का सुटली विचारतं, घरातल्या दारूचीही नोंद करतं. तक्रार मुलाची आणि झडती घराची, हे पालकांना झोंबतं. पण खरी मेख बहुधा तिथंच असते.

चौकशीअंती मूल घरीच, बाल कल्याण अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली राहू शकतं. बालगृह हा शेवटचा उपाय. गुन्हा घडला असेल, तर बाब बाल न्याय मंडळाकडे जाते.

मदतीसाठी फोन 1098, दिवसरात्र आणि मोफत.