क्रोमार्टीचे घर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



‘परदेशात काय पाहिले’ यावर पाच मिनिटे बोल, असे मला सांगितले आहे. मी एकाच घराबद्दल बोलणार आहे.

मुलीकडे एडिंबरोला गेलो होतो. तिने मला उत्तर स्कॉटलंडमधल्या क्रोमार्टी या बंदराच्या गावी नेले. तिथे गवताने शाकारलेले एक ठेंगणे घर जपून ठेवले आहे. १८०२ साली ह्यू मिलर तिथे जन्मले. पाच वर्षांचे असताना वडील समुद्रात बुडाले. शाळेत एका शब्दाच्या स्पेलिंगवरून मास्तरांशी झोंबाझोंबी झाली. भरपूर मार खाल्ला, खुंटीवरची टोपी काढली आणि निघाले ते कायमचे. (पुढे आत्मचरित्र लिहिले, त्याचे नाव मात्र ‘माझ्या शाळा आणि माझे मास्तर’!) सतराव्या वर्षी दगडाच्या खाणीत लागले. भूगर्भशास्त्र कोणी शिकवले नाही. फुटलेल्या दगडाच्या पोटात काय आहे ते बघत राहिले, आणि गावच्या किनाऱ्यावर त्यांना ३८ कोटी वर्षांहून जुन्या माशांचे जीवाश्म सापडले. त्यातल्या पंखवाल्या माशाच्या शास्त्रीय नावात आज ‘मिलेराय’ आहे.

शेजारी वडिलांनी बांधलेल्या मोठ्या घरात संग्रहालय आहे. ते पाहिले, पण माझा पाय अडला तो बागेत. मिलर यांनी स्वतः घडवलेले दगडी सूर्यघड्याळ तिथे उभे आहे. त्यापुढे मला आपल्या आठवीच्या वर्गाची काच आठवली.

ती मी फोडली होती. मार दुसऱ्याने खाल्ला, आणि तो पुन्हा शाळेत आला नाही. जन्मभर पाटे-वरवंटे घडवत राहिला.

परत आल्यावर त्याच्या घरी गेलो, सगळे सांगितले. “मला तेव्हाच माहीत होतं,” म्हणाला, आणि माझ्या हातातला फोन घेऊन घड्याळाचा फोटो बोटांनी मोठा करून बघत बसला.

“टाकी बारीक चालवलीय गड्यानं. खोकला होता का रे याला?”

होता. खाणीच्या धुळीने मिलर यांची छाती तरुणपणीच अधू झाली होती.

मेळाव्याला चल म्हटले, तर म्हणाला, “दहावीच्या यादीत माझं नाव कुठंय?” तरी आला आहे. तिसऱ्या रांगेत, खिडकीपाशी बसलाय.

संयोजकांना विनंती आहे, स्मरणिकेच्या यादीत त्याचे नाव घालावे.