पडद्यावरचा आकडा खरा असू द्या

खेळ रचणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

अध्यक्षपदाचा मान दिलात. प्रथेप्रमाणे वर्षभरातल्या खेळांचा आढावा घ्यायला हवा. तो छापील प्रतीत दिला आहे, जरूर वाचा. बरीच वर्षं मनात साचलेलं एकच गाऱ्हाणं आज मला मांडायचं आहे. लढाईच्या खेळात आपण खेळाडूला एक टक्केवारी दाखवतो आणि आत दुसरीच चालवतो. हे थांबलं पाहिजे.

जपानी ‘फायर एम्ब्लेम’ ही संगणकीय खेळमालिका घ्या. २००२च्या भागात वार लागला की नाही हे ठरवायला दोन यादृच्छिक आकडे काढून त्यांची सरासरी धरली गेली. त्यामुळे पडद्यावर ९० दिसतात तेव्हा वार शंभरात सुमारे ९८ वेळा लागतो आणि १० दिसतात तेव्हा जेमतेम दोनदा. संगणकीय खेळ रचणाऱ्या सिड मायर यांनी २०१०मध्ये एका व्याख्यानात सांगितलं, की तिनास एक अशी सरशी असूनही लढाई हरली की खेळाडू चिडतात. म्हणून त्यांनी हिशेब खेळाडूच्या बाजूने झुकवला. हे दाखले देऊन आपल्यातले अनेकजण विचारतात, माणसाला संभाव्यता कळतच नसेल तर त्याला खूश ठेवायला काय हरकत आहे?

हरकत आहे. किल्ल्यांच्या लढाईचा माझा एक पटावरचा खेळ शाळकरी मुलांपुढे मांडला होता. घोडदळाने दौड केली की फाशावर १ सोडून काहीही पडलं तर सरशी. एका मुलीने सगळं घोडदळ एकाच खिंडीत घातलं. १ पडला, सगळं गेलं. ओठ घट्ट मिटून ती पटाकडे बघत राहिली. पुढच्या डावात तिने निम्मे घोडे नदीअलीकडे राखून ठेवले. पुन्हा १ पडला, पण राखीव तुकडीने खिंड धरली. तिला कोणी काही शिकवलं नव्हतं.

याच खेळाची मोबाइलवरची आवृत्ती काढताना एका कंपनीने अट घातली, की एकदा १ पडला की पुढची फेक गुपचूप सोपी करायची. मी ते काम सोडलं. आवृत्ती माझ्याशिवाय निघाली. ती खेळणारी मुलं मी पुढे पाहिली. राखीव तुकडी कोणीच ठेवत नव्हतं. ठेवायची गरजच पडत नव्हती!

नशीब काढूनच टाका म्हणणारेही इथे आहेत. ते २०१८च्या ‘इन्टू द ब्रीच’कडे बोट दाखवतात. त्यात शत्रूचा पुढचा वार आधीच दिसतो. खेळ उत्तम आहे. पण पटावरचा ‘रिस्क’ आठवा. हल्लेखोराचे तीन फासे विरुद्ध बचाव करणाऱ्याचे दोन, मोठ्याशी मोठा जोडायचा, बरोबरी बचाव करणाऱ्याची. तरीही हल्लेखोर दोन्ही जोड्या सुमारे ३७ टक्के वेळा जिंकतो, बचाव करणारा २९. हे ओळखणारा मोठी फौज घेऊनच चढाई करतो आणि ती रोडावण्याआधी थांबतो. त्याचं कौशल्य त्या थांबण्यात आहे, आणि फासा सगळ्यांदेखत पडतो म्हणूनच ते त्याला कमावता येतं. आपल्या सारीपाटातही कवड्या आधी पडतात, मग सोंगटी निवडायची. दान कोणी लपवत नाही.

आकडा झाकून बदलणाऱ्या खेळाला आपल्या मंडळाचं पारितोषिक देऊ नये, असा ठराव मी मांडणार आहे. खऱ्या आकड्यांच्या खेळांसाठी एखादी खूणही ठरवावी लागेल. तपासणी कोणी आणि कशी करायची, ते कार्यकारिणीत बसून पाहू. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी तिथे यावं आणि आपापल्या खेळातलं खरं गणित सोबत आणावं.